सेकंद काटा

तांडेल सिस्टरना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते १९८७च्या ऑक्टोबरात, आणि मग ती चिडचिड पुढल्या मार्चपर्यंत काही गेली नाही. मी त्याच वर्षी नर्सिंगचा कोर्स संपवून ठाण्यात, नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात लागलेले. डोंबिवलीहून जाऊन-येऊन करायचे. बारा खाटा, एक डॉक्टरबाई, दोन आया आणि आम्ही तिघी नर्सेस. त्यांत तांडेल सिस्टर सगळ्यात जुन्या. मला कामातलं जे काही येतं ते पुस्तकापेक्षा त्यांच्या हाताखाली राहून आलेलं आहे.

त्यांचं नाव शेवंती. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. वडील गोमाजी खाडीत जाळं टाकायचे आणि आई टोपली घेऊन दारोदार फिरायची. त्यांच्या आळीतून नर्सिंगला गेलेली ही पहिली मुलगी. लोकांची घाण काढायला पोरीला धाडली, असं शेजारपाजारचे म्हणायचे तेव्हा गोमाजी एवढंच विचारायचे, "मासली काय अत्तर हाय?"

नोकरी लागल्यावर, म्हणजे त्रेसष्ट साली, बापलेक घड्याळ घ्यायला बाजारात गेले. गोमाजींना घड्याळ वाचता यायचं नाही, त्यांचं सगळं भरती-ओहोटीवर चालायचं. दुकानदारानं मुलगी बघून नाजूक लेडीज घड्याळं मांडली. गोमाजींनी मुलीला विचारलं, "तुना यानं काय करायचा हाय?"

"नाडी मोजायची हाय."

"मग मोठा बघ. लांबून दिसला पायजे."

आणि त्यांनी स्वतः एक पुरुषी घड्याळ उचललं. पांढरी तबकडी, काळे आकडे, आणि तबकडीभर फिरणारा लांब, बारीक सेकंद काटा. सिस्टर ते मनगटाच्या आतल्या बाजूला, तबकडी आपल्याकडे येईल असं बांधायच्या. पेशंटचा हात हातात घेतला की नाडी आणि काटा दोन्ही एकाच वेळी. चोवीस वर्षं रोज सकाळी चावी द्यायची आणि कामाला लागायचं.

त्या ऑक्टोबरात कळव्याची एक पहिलटकरीण आलेली. अंगानं दणकट, पण घाबरलेली. कळ आली की हाताला येईल ते धरायची. शेवटच्या कळांना तिनं सिस्टरचं मनगट धरलं आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर असं आपटलं की मीच ओरडले. सिस्टरनी हूं की चूं केलं नाही. बाळ झालं, नाळ कापली, बाईला टाके पडले, सगळं आवरलं, आणि मग हात धुताना त्यांनी मनगट वळवून बघितलं. काच तडकलेली. काटे जागच्या जागी थांबलेले. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, परत लावलं.

"गेलं गं कुंदा," त्या म्हणाल्या. मनगटावर निळं उठलं होतं, त्याकडे लक्षसुद्धा नव्हतं.

नवीन घ्यावं हा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही. घड्याळ बिघडलं की दुरुस्त करायचं, हीच रीत. स्टेशनजवळ गोपीनाथ म्हणून एक घड्याळजी काचेच्या पेटीमागे बसायचा. सिस्टर त्याच्याकडे गेल्या. त्यानं घड्याळ उघडून डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "आतला बॅलन्स मोडलाय. मुंबईहून आणायला लागेल. मंगळवारी या."

मंगळवारी गेल्या तर माणूस मुंबईला गेलेला नव्हता. पुढच्या मंगळवारी माणूस गेला होता, पण दुकान बंद होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी दिवाळी. मग पार्ट आला, पण दुसऱ्याच मापाचा. दर मंगळवारी सिस्टर ड्युटी संपवून तिथे जायच्या आणि बुधवारी सकाळी त्यांचा चेहरा बघून आया मला खुणेनंच सांगायच्या, आज काही विचारू नकोस.

"नाही म्हणून सांगितलं असतं तर मी दुसरीकडे गेले असते," त्या मला म्हणायच्या. "हा नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. नुसता मंगळवार सांगतो. घड्याळ परत मागितलं तर म्हणतो, सगळं खोललंय, सुटं कसं देऊ?"

इकडे कामाचे हाल. लेबर रूममध्ये घड्याळ नव्हतं. पॅसेजमध्ये एक जुनं भिंतीवरचं होतं, पण त्याला तासकाटा आणि मिनिटकाटा, बस. सिस्टर कधी पेशंटच्या नवऱ्याचं घड्याळ मागून घ्यायच्या, कधी आयांपैकी कुणाला समोर उभं करून सेकंद मोजायला लावायच्या. त्या बाईचं 'एक, दोन, तीन' ऐकता ऐकता इकडचे ठोके चुकायचे. ज्या बाईनं चोवीस वर्षं कुणापुढे हात पसरला नाही, तिला दिवसातून चारदा परक्या माणसाला म्हणावं लागायचं, "जरा घड्याळ देता का? लगेच देते." एकानं तर विचारलं, "दवाखान्यात घड्याळ नाही?" सिस्टरनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा घड्याळ काढून देऊन बाहेर जाऊन उभा राहिला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घड्याळ मिळालं. त्या दिवशी त्या जवळजवळ पळतच आल्या. नवी काच, चालू घड्याळ, टिकटिक स्वच्छ. मी म्हटलं, "झालं बाई एकदाचं!" त्यांनी एका पेशंटची नाडी धरली, मनगट वळवलं आणि तशाच थांबल्या.

सेकंद काटा नव्हता.

मधल्या वेळात त्या परत स्टेशनला गेल्या. गोपीनाथचं उत्तर त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. तो म्हणाला, "काटा अडकत होता हो, म्हणून काढून टाकला. टाइम बघा की, एकदम करेक्ट! रेडिओला लावून बघा."

"मला टाइम नकोय. मला सेकंद हवेत."

"सेकंद कोण बघतो बाई?"

"मी बघते!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या पेपरवाल्यानं वळून पाहिलं. मग काटा तरी परत द्या म्हणाल्या. तो काटा त्याला सापडेना. त्यानं दोन-तीन डब्या उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाला, "मंगळवारी या, शोधून ठेवतो."

त्या मंगळवारी त्या गेल्याच नाहीत.

जानेवारीत त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली. नवरा, नाथा तांडेल, कळव्याच्या एका कारखान्यात फिटर. अबोल माणूस. बायको घड्याळावरून तीन महिने धुमसतेय हे त्यानं पाहिलं होतं. तो कुणालाच न सांगता बाजारात गेला आणि तिच्यासाठी घड्याळ घेऊन आला. सोनेरी, पातळ, पट्ट्याऐवजी साखळी, लाल मखमलीच्या डबीत. आळीतल्या बायका बघायला आल्या. नाथाची बहीण म्हणाली, "भावानं काय झ्याक आणलाय गो!" सिस्टरनी डबी उघडली. तबकडी आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी. आकडे नाहीत, चार बाजूंना चार ठिपके. दोन काटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना सगळं बाहेर पडलं.

"सगळ्यांदेखत काय बोलणार? छान आहे म्हटलं. बायका गेल्यावर सांगितलं, याला सेकंद काटा नाही, हे मला दवाखान्यात चालायचं नाही. तर म्हणाले, दवाखान्यात कशाला नेतेस, लग्नकार्यात घाल. मी म्हटलं, मला लग्नकार्यात किती वाजले ते बघून काय करायचंय? जेवायला बसले की जेवायची वेळ झाली. तर उठून बाहेर गेले. आता बोलत नाहीत."

"तुमचंही चुकलंच थोडं," मी म्हटलं. "हौसेनं आणलेलं त्यांनी."

"मग मला नको होतं का विचारायला? गोपीनाथनं विचारलं नाही, यांनी विचारलं नाही. घड्याळ माझं, मनगट माझं, काम माझं!" त्यांनी डब्याचं झाकण असं लावलं की ते वाकडंच बसलं.

आता माझी चूक सांगते. माझ्या भावानं मला उल्हासनगरहून एक डिजिटल घड्याळ आणून दिलेलं. काळी पट्टी, हिरवट आकडे, सेकंदसुद्धा दिसायचे. मला त्याचा फार तोरा. मी सिस्टरना म्हटलं, "हे वापरा ना माझं, तुमचं होईपर्यंत." त्यांनी दोन दिवस घालून पाहिलं आणि परत केलं. म्हणाल्या, "ठोके मोजताना आकडे बघायचे म्हणजे डोक्यात कालवण होतं गं." मला ते कळलंच नाही. मला वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत, सवय नाही. मी ते लेबर रूमच्या टेबलावरच ठेवायला लागले, अडीअडचणीला असू दे म्हणून.

फेब्रुवारीत एक बाई अडून राहिली होती. सकाळपासून कळा, पण पुढे काही सरकेना. बाळाचे ठोके दर पंधरा मिनिटांनी बघायचे होते. तेव्हा आमच्याकडे मशीन वगैरे नव्हतं. तुतारीसारखी एक ॲल्युमिनियमची नळी पोटावर टेकवायची, कान लावायचा आणि मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. सिस्टरच्या घड्याळावर हे सोपं होतं. काटा कुठेही असो, तबकडीचा चौथा भाग फिरला की झालं, हिशेब करावा लागायचा नाही. त्या दिवशी नवरे मंडळींपैकी कुणाकडे घड्याळ नव्हतं, म्हणून त्यांनी माझं डिजिटल उचललं. मोजायला सुरुवात केली तेव्हा सेकंद होते सदतीस. बावन्नला थांबायला हवं होतं. कानात ठोके, डोळ्यांपुढे आकडे, त्यात बाई कळेनं हललेली. त्या सत्तेचाळीसला थांबल्या. ठोके चोवीस. चोवीस चोक शहाण्णव.

शंभराच्या खाली म्हणजे बाळ गुदमरतंय. सिस्टरनी मला आकडा सांगितला. मी धावत डॉक्टरबाईंना बोलावलं. बाईंनी लगेच सिझेरियनची तयारी सांगितली, भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. बाहेर सासूनं रडायला सुरुवात केली, नवरा सही करायला आला. मग बाईंनी नळी घेऊन स्वतः कान लावला. पंधरा सेकंद. परत पंधरा सेकंद. उभ्या राहिल्या.

"एकशे चव्वेचाळीस आहेत. किती सांगितलेत तुम्ही?"

सिस्टरनी माझं घड्याळ टेबलावर ठेवलं.

"तांडेल, एवढ्या वर्षांनी तुम्हाला ठोके मोजायला शिकवू का? आत्ता पोट कापून बसले असते मी!"

दार उघडं होतं. सासू, नवरा, आया, मी, सगळ्यांसमोर. चोवीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. ती अडलेली बाई संध्याकाळी आपसूक मोकळी झाली, मुलगी झाली, सगळं नीट. पण तांडेल सिस्टर पाण्याच्या पिंपाजवळ भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मला त्यांच्याजवळ जायचं धाडस होत नव्हतं. शेवटी गेले आणि म्हटलं, "सिस्टर, माझ्या घड्याळामुळे झालं."

"घड्याळामुळे नाही," त्या म्हणाल्या. "मी चार महिने नुसती चिडत बसले त्यामुळे झालं. उद्या मला सुट्टी आहे. ते तुझ्या बिल्डिंगमधले म्हणाली होतीस ना, घड्याळं करतात ते?"

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये घैसास काका राहायचे. रिटायर झाल्यावर गॅलरीत टेबल टाकून हौसेनं घड्याळं दुरुस्त करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिस्टरना त्यांच्याकडे घेऊन गेले. काकांनी घड्याळ घेतलं, पंचा पसरला, मागचं झाकण काढलं आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मध्येच म्हणाले, "अरेरे."

"हे आधी कुणी उघडलं होतं?"

सिस्टरनी सांगितलं.

"त्यानं बॅलन्स बदललाय, तो ठीक आहे. पण हे बघा, ज्या बारीक खिळीवर सेकंद काटा बसतो ती खिळीच त्यानं छाटलीय. काटा अडकत होता म्हणे! काटा वाकला होता, चिमट्यानं सरळ केला असता तर झालं असतं." काकांनी भिंग काढलं. "आता याच बनावटीचं दुसरं बंद पडलेलं घड्याळ मिळालं तर त्यातलं चाक काढून बसवता येईल."

"कधी मिळेल?"

"ते सांगता येत नाही. महिना लागेल, वर्ष लागेल. खोटंच बोलायचं तर मंगळवारी देतो म्हणून सांगतो."

काकांना गोपीनाथचं काहीच माहीत नव्हतं. मला हसू आलं, सिस्टरना नाही आलं.

"आणि मिळालं, बसवलं, तर पहिल्यासारखं चालेल?"

"चालेल. पण माझं वय झालंय, घड्याळाचंही झालंय. मी तुम्हाला शब्द देणार नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही करता काय यानं?"

सिस्टरनी सांगितलं. कालचंसुद्धा सगळं सांगितलं, शहाण्णव आणि एकशे चव्वेचाळीस. मला आश्चर्य वाटलं, कारण पिंपाजवळच्या त्या बोलण्यानंतर माझ्याशी त्या त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नव्हत्या. काका ऐकत होते. मग म्हणाले, "उद्या ड्युटी आहे?"

"सकाळी सातची."

"मग बाई, आज संध्याकाळी नवीन घ्या. बॅटरीचं घ्या, चावी द्यायला नको. हे हवं तर माझ्याकडे ठेवा, मिळालं मशीन तर बघू."

सिस्टर टेबलावरच्या उघड्या घड्याळाकडे बघत होत्या. आतली चाकं फिरत होती, अगदी व्यवस्थित. मला वाटलं, आता ठेवून जातील. पण त्या म्हणाल्या, "नको. आशेवर ठेवलं की मी परत फेऱ्या मारत बसेन. झाकण लावून द्या."

जिना उतरताना त्या पायरीवर थांबल्या. "आमच्या बाबानं निवडलेलं गं," एवढंच म्हणाल्या आणि पर्सची चेन लावली.

तिथून आम्ही तडक डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पटापट लेडीज घड्याळं काढली. "सेकंद काटा असलेलं दाखवा," सिस्टर म्हणाल्या. लेडीजमध्ये त्याच्याकडे एकच होतं आणि त्याचा काटा डोळे बारीक करून शोधावा लागत होता.

"जेन्ट्स दाखवा."

"मिस्टरांसाठी का? वय काय त्यांचं?"

"माझ्यासाठी."

"मॅडम, तुमच्या हाताला ते मोठं—"

"अहो भाऊ, मला मोठंच हवंय," सिस्टर म्हणाल्या, आणि तो आवाज ऐकून त्यानं मुकाट्यानं दुसरा ट्रे काढला. त्यांनी प्रत्येक घड्याळ हातभर लांब धरून पाहिलं. माझा हात धरून नाडी मोजली, दुकानात, उभ्यानं. शेवटी एक पांढऱ्या तबकडीचं, लाल सेकंद काट्याचं घेतलं. पट्टा सैल होत होता म्हणून दुकानदाराकडून दोन जादा भोकं पाडून घेतली. फलाटावर गाडीची वाट बघतानाही कुरकुर चालूच होती. "हा काटा उड्या मारतो गं. आमचा कसा सरकत जायचा." पण आठवड्याभरात त्या उड्याच बऱ्या म्हणायला लागल्या. एक उडी, एक सेकंद.

घरी नाथांनी मनगटावर पुरुषी घड्याळ बघितलं आणि त्यांना अजूनच लागलं. मी आणलेलं डबीत, आणि हिनं स्वतःचं स्वतः आणलं! चार दिवस भाकरीपुरतं बोलणं. पाचव्या दिवशी सकाळी ते कामावर निघताना सिस्टरनी त्यांना दारातच थांबवलं आणि मनगट धरलं.

"काय करतेस?"

"उभा ऱ्हा गप. ह्यो लाल काटा बघ. इथून निघाला, इथं येईपर्यंत मी तुझी नाडी मोजते."

ते उभे राहिले. काटा फिरला. "अठरा," सिस्टर म्हणाल्या. "गुणिले चार, बहात्तर. आता डबीतला आणते, त्यावर तू माझी मोज."

नाथांनी ते सोनेरी घड्याळ हातात घेऊन खूप वेळ पाहिलं. "यात काटाच नाय."

"नाय."

"मग तवाच सांगायचा."

"सांगितला होता."

"मना वाटला, तुना रंग आवडला नाय," नाथा म्हणाले आणि उशीर झाला म्हणून निघून गेले. त्यावर सिस्टर हसल्या की रडल्या हे त्यांनी मला सांगितलं नाही. पण त्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्याला त्यांनी ते सोनेरी घड्याळ घातलं होतं, एवढं मी पाहिलं.

डॉक्टरबाई झाल्या प्रकाराबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत. 'माझं चुकलं' वगैरे तर नाहीच. पण होळीच्या सुमारास एक दिवस लेबर रूममध्ये मोठं गोल भिंतीवरचं घड्याळ आलं, लांब सेकंद काट्याचं. इलेक्ट्रिशियननं जिथे खिळा होता तिथेच ते लावून टाकलं, म्हणजे खाटेच्या उशाच्या भिंतीवर. ते फक्त खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टरबाईंना दिसे. ठोके मोजायला पोटावर वाकलेल्या नर्सला मान पूर्ण मागे वळवावी लागे.

सिस्टरनी ते दोन मिनिटं बघितलं. कपाळावर तीच पाच महिन्यांची आठी. मला वाटलं, आता पुन्हा सुरू. त्यांनी आयांकडून हातोडी मागवली, स्टूल ओढलं, पदर खोचला, घड्याळ उतरवून माझ्या हातात दिलं आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर खिळा ठोकायला लागल्या. प्लास्टर पडलं, खिळा वाकला, दुसरा घेतला. आवाज ऐकून डॉक्टरबाई दारात आल्या.

"तांडेल, काय चाललंय हे?"

"घड्याळ मला दिसेल असं लावतेय," सिस्टर वळूनही न बघता म्हणाल्या. "कुंदा, ते दे इकडे."

डॉक्टरबाईंनी एकदा उशाकडच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. मग आत आल्या आणि त्यांनी स्टूल धरलं, कारण ते एका पायानं डुगडुगत होतं.